भरदुपारची रोहिणी

शर्वरी मानेनं आयुष्यातला पहिला तारा पाहिला तो भर दुपारी, दहिवडीच्या शाळेच्या गच्चीवर. तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. त्या शाळेत ती भूगोल शिकवायची. बल्बभोवती पृथ्वीगोल फिरवून तिनं कितीतरी वर्गांना ऋतू समजावून दिले होते. पृथ्वीचा आस कललेला आहे, म्हणून कधी उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्याकडे झुकतो तर कधी दक्षिणेकडचा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. फळ्यावर ती सप्तर्षी काढायची, मृग काढायची. ही सगळी चित्रं पुस्तकातून उतरवलेली होती. आकाशातलं एकही नक्षत्र तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिला जन्मापासून रातांधळेपणा होता. आपल्या डोळ्यातल्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एका तऱ्हेच्या पेशी उजेडात काम करतात, रंग ओळखतात, अक्षरं वाचतात. दुसऱ्या अंधुक उजेडासाठी असतात. शर्वरीच्या या दुसऱ्या पेशी लहानपणापासूनच मरत चालल्या होत्या. दिवेलागण झाली की तिच्यासाठी जग संपायचं. चंद्र दिसे, फार तर पश्चिमेचा शुक्र. बाकी आकाश म्हणजे काळा कपडा. वय वाढलं तशी दिवसाची नजरही कडेनं आक्रसत गेली होती. आता ती जगाकडे लांब नळीतून पाहावं तशी पाहायची, आणि ही नळी दर वर्षी थोडी अरुंद होत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मधली नजरही आणखी काही वर्षांचीच आहे.

यातला सगळ्यात अवघड भाग वेगळाच होता. शर्वरीचे वडील बाळासाहेब जगदाळे, म्हणजे अण्णा, एके काळी या सगळ्या भागाला आकाश दाखवायचे. नोकरी सहकारी बँकेत. पण अमावास्येच्या आसपास गाडीवर दुर्बीण बांधून ते गावोगाव जायचे. दुर्बीण स्वतः घडवलेली, आरसाही स्वतः घासलेला. माळावर माणसं जमायची आणि अण्णा बोलायला लागायचे. मुलीचं नावही त्यांनी हौसेनं शर्वरी ठेवलं होतं. शर्वरी म्हणजे रात्र. ती नऊ वर्षांची असताना एकदा त्यांनी तिला खांद्यावर घेऊन कृत्तिकेचे तारे मोजायला सांगितले. ती म्हणाली, कुठले तारे? त्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग दुर्बिणीला डोळा लावायला लावला, मग दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला पुण्याला नेलं. तिथून परत आल्यावर त्यांनी दुर्बीण कराडच्या एका कॉलेजला देऊन टाकली. त्यानंतर मुलीसमोर त्यांनी कधी मान वर केली नाही, की ताऱ्यांचा एक शब्द काढला नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

आणि आता मार्गशीर्षातल्या एका दुपारी यास्मिन मुजावर नावाची इंजिनिअर शाळेत आली होती. लहानपणी तिनं गोंदवल्याजवळच्या माळावर अण्णांच्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली होती, आणि त्या एका दृश्यामुळे ती पुढे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पोचली होती. तिथं तिच्या गटानं एक चष्मा तयार केला होता. नाव ठेवलं होतं ‘दिनतारा’. मूळ काम उपग्रहांवर दिवसाही नजर ठेवण्याचं होतं. त्यातून हे निघालं. अण्णांच्या मुलीला रात्री दिसत नाही हे कानावर आल्यावर तो घेऊन ती थेट इथं आली होती.

यास्मिननं तिला समजावून सांगितलं. तारे दिवसाही आकाशात असतात, हे शर्वरीला ठाऊक होतंच. ते दिसत नाहीत, कारण हवा सूर्याचा प्रकाश विखुरते आणि त्या निळ्या उजेडात ते बुडून जातात. पण हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, तांबडा कमी, आणि तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, फारच कमी. त्या न दिसणाऱ्या प्रकाशात पाहिलं तर दिवसाचं आकाशही बऱ्यापैकी काळं असतं. चष्म्याच्या चौकटीतली बारीक भिंगं तसं पाहतात. सेकंदाला शेकडो वेळा आकाशाचं चित्र घेतात, त्यातून हवेचा उजेड वजा करतात, आणि जे बिंदू उरतात ते काचेवर त्यांच्या नेमक्या जागी चांगले ठळक उमटवतात. दिवसा काम करणाऱ्या पेशींना दिसतील इतके ठळक.

“सूर्याच्या जागी काळी चकती येईल,” यास्मिन म्हणाली. “तिच्याकडे बघितलं तरी चालेल ताई. डोळ्याला काही होणार नाही.”

शर्वरीनं चष्मा घातला. आधी काहीच वेगळं नव्हतं. शाळेचा झेंड्याचा खांब, पलीकडचा बाभळींचा माळ, निळं आकाश. मग यास्मिननं चौकटीवरची एक कळ दाबली.

पुढे बरेच दिवस शर्वरी नवऱ्याला, सुहासला, ते सांगायचा प्रयत्न करत होती आणि तिला जमत नव्हतं. आकाश निळंच होतं. ऊन होतं तसंच होतं. आणि त्या निळ्यात सगळीकडे तारे होते. तिची नजर नळीसारखी, त्यामुळे एका वेळी थोडेच दिसत. ती मान हळूहळू वळवत गेली आणि ते संपेचनात. दक्षिणेला काळी चकती होती, म्हणजे सूर्य. त्याच्या उजव्या हाताला तिला एक लालसर तारा आणि त्याच्याखाली गळासारखी वळलेली ताऱ्यांची ओळ दिसली. हे चित्र तिनं फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं की यास्मिनला विचारावं लागलं नाही.

“वृश्चिक,” ती म्हणाली. “हा विंचू आहे.”

विंचू उन्हाळा सरताना रात्री दिसतो, हे ती वर्गात सांगायची. हिवाळ्यात तो दिसत नाही, कारण तेव्हा सूर्य त्याच्या वाटेवर असतो. हे वाक्य तिनं शेकडो वेळा उच्चारलं होतं आणि त्याचा अर्थ तिला आज कळत होता. सूर्य तिच्यासमोर धनूच्या ताऱ्यांत उभा होता, एखादा माणूस शेतात उभा असावा तसा. डोक्यावर, थोडा उत्तरेला, अभिजित होता. पूर्वेकडे श्रवण. पश्चिमेला स्वाती उतरत होती. आणि ज्या उन्हात ती जन्मभर वावरली होती, डबा घेऊन शाळेत आली होती, वाळवणं घातली होती, त्या उन्हाच्या वर हे सगळं रोज भरलेलंच होतं. लोकांना अर्धं आकाश रात्री मिळतं, उरलेलं अर्धं दिवसावर ठेवलेलं असतं. ते तिच्या वाट्याचं होतं.

ती कठड्याला धरून खाली बसली. यास्मिन तिच्याशेजारी बसली.

चष्मा चाचणीसाठी वर्षभर शर्वरीकडे राहणार होता. तो रात्रीही चालायचा. सुहासनं हात धरून तिला अंगणात नेलं आणि तिनं मृग पाहिला, व्याध पाहिला. पण रात्री पायाखालची जमीन दिसत नसे, नुसते तारे, आणि तिला अधांतरी लोंबकळल्यासारखं व्हायचं. तिला दिवसच आवडायचा. घर, झाडं, माणसं आणि तारे, सगळं एकत्र. आठवड्याआठवड्यानं सूर्याची काळी चकती ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकताना दिसे. संक्रांतीला मुलांनी विचारलं की बाई, सूर्य आज मकरेत गेला का? तिनं पाहिलं तर तो अजून धनूच्याच शेवटच्या ताऱ्यांपाशी रेंगाळत होता. मग तिनं पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा कसा डुलतो, राशींचे आखीव भाग आणि आकाशातले तारे यांत कसा फरक असतो, आणि दिवस मोठा व्हायला तर डिसेंबरातच सुरुवात झालेली असते, हे सगळं सांगितलं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

अण्णांना मात्र तिनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं. ते पलीकडच्या गल्लीत एकटे राहत, रात्री जेवायला तिच्याकडे येत. तिला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी जेवण थांबवून नीट ऐकून घेतलं. भिंगं कशी, चित्रं किती, उजेड वजा कसा होतो, सगळं विचारलं. मग म्हणाले, त्या चष्म्याच्या पोटात ताऱ्यांचा नकाशा असेल.

असेल, ती म्हणाली.

“मग ते चित्र आहे, शरू,” अण्णा म्हणाले. “तू कुठं बघतेस ते यंत्राला कळतं, आणि तिथं कुठला तारा असायला हवा तेही कळतं. ते ठिपका काढतं. असे ठिपके मीही तुला भिंतीवर काढून दिले असते.”

त्यांनी ते कडवटपणानं म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला लागलं. तिनं यास्मिनला फोन केला. यास्मिन खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, नकाशा आहे. मंद ताऱ्यांना त्याची मदत लागते. ठळक ताऱ्यांना लागत नाही, ते यंत्र खरोखरच टिपतं. पण काचेवर दोन्ही सारखेच दिसतात, हेही खरं.

त्यानंतर कित्येक दिवस शर्वरीनं चष्मा घातला नाही. दुपारी गच्चीवर जाण्याऐवजी ती शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसायची. नजर थोडीच उरली होती आणि ती कशावर खर्च करायची हा तिच्यापुढचा प्रश्न होता. मन राखण्यासाठी कुणी रंगवून दिलेलं आकाश तिला नको होतं.

वाट यास्मिननंच काढली. फाल्गुनातल्या शुद्ध अष्टमीला दुपार कलताना रोहिणीचं पिधान होणार होतं. चंद्र आकाशात पूर्वेकडे सरकताना कधीकधी एखाद्या ताऱ्यावरून जातो आणि त्याला झाकतो, त्याला पिधान म्हणतात. चष्म्याच्या नकाशात तारे होते. चंद्राची कड नव्हती. त्या कडेवर डोंगर आहेत, दऱ्या आहेत, आणि तारा नेमका कधी झाकला जाईल हे आपण पृथ्वीवर कुठं उभे आहोत यावरही ठरतं. चष्मा यातलं काही मोजत नव्हता. तो नकाशावरून ठिपका काढत असेल तर रोहिणी चंद्रावरही चमकत राहील. खरी रोहिणी दाखवत असेल तर ती जाईल. आणि रोहिणी इतकी तेजस्वी आहे की चांगल्या दुर्बिणीतून दिवसाही दिसते. दुसऱ्या कुणीतरी त्याच वेळी दुर्बिणीतून पाहायला हवं होतं.

शर्वरीनं हे अण्णांना सांगितलं आणि तुम्ही पाहाल का म्हणून विचारलं. दुर्बीण आहे कुठे आता, एवढंच ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

दोन दिवस ते जेवायला आले नाहीत. शर्वरी काळजीनं त्यांच्याकडे गेली तर दाराला कुलूप. तिसऱ्या दिवशी कराडहून येणाऱ्या एसटीतून ते उतरले, आणि त्यांच्यामागून कंडक्टरनं गोधडीत गुंडाळलेलं एक लांबलचक ओझं खाली दिलं. कॉलेजात ती कपाटाच्या मागे पडली होती, ते म्हणाले. आरशावर बुरशी धरली होती. ती साफ करून घेतली.

अष्टमीला दुपारी ते तिघं, यास्मिनसुद्धा, अण्णांच्या गच्चीवर होते. सूर्य पश्चिमेला कलला होता. पूर्वेकडे, बराच वर, अर्धा चंद्र होता, दिवसा असतो तसा फिकट, धुतलेल्या कापसासारखा. अण्णा स्टुलावर बसून दुर्बीण लावत होते. त्यांचे हात नळी केसाकेसानं सरकवत होते. मग एका क्षणी ते थांबले आणि एकदम स्थिर झाले, आणि शर्वरीला कळलं की त्यांना रोहिणी सापडली.

तिनंही चष्मा लावला. चंद्राच्या खालच्या बाजूला, निव्वळ निळ्यात, एक नारिंगी ठिपका होता. मधे काहीच नव्हतं. चंद्राचा प्रकाशित अर्धा भाग ठिपक्यापासून दूर होता; उरलेला अर्धा, अंधारातला, दिवसाच्या आकाशात दिसत नाही. तो तिथं आहे हे फक्त माहीत असावं लागतं.

यास्मिननं दोघांना एकमेकांचा चेहरा दिसणार नाही असं बसवलं. तारा जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही, गेला की सांगायचं, इतकंच ठरलं. मग खालच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, कुणाच्या तरी घरी मिक्सर लागला, थांबला. शर्वरीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. पापणी मिटायची तिला भीती वाटत होती. ठिपका अजून होता. चंद्र इतका सावकाश सरकत होता की तो सरकतो आहे यावर विश्वास बसू नये.

आणि ठिपका नाहीसा झाला. विझत गेला नाही, मंद झाला नाही. होता आणि नव्हता.

“गेली,” शर्वरी म्हणाली.

“गेली,” अण्णा म्हणाले.

दोन शब्द नव्हतेच ते. यास्मिननं नंतर सांगितलं की तिला एकच आवाज ऐकू आला, जाड आणि बारीक एकत्र मिसळलेला.

शर्वरी त्या रिकाम्या निळ्याकडे पाहत होती. तिथं आता काहीच दिसत नव्हतं, आणि तिथंच चंद्राचा न दिसणारा भाग होता, डोंगरादऱ्यांसह, घट्ट, खराखुरा. पासष्ट वर्षं चालत आलेला प्रकाश शेवटच्या क्षणी तिच्या डोळ्यापर्यंत पोचण्याऐवजी तिथल्या कुठल्याशा दगडावर पडत होता. तिनं चंद्राला कधी इतकं जवळ मानलं नव्हतं आणि ताऱ्याला इतकं दूर.

रोहिणी तासाभरानं पलीकडच्या कडेनं बाहेर येणार होती. यास्मिन चहा करते म्हणून खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

अण्णा दुर्बिणीकडे पाहत म्हणाले, “तुला दाखवता येत नव्हतं, तर मला ते आकाश नको होतं. तुझ्यासमोर ताऱ्यांचं बोलणं म्हणजे उपाशी माणसासमोर जेवल्यासारखं वाटायचं.”

शर्वरीला याचा अंदाज होता. पण गेली तेहेतीस वर्षं तिला जे म्हणायचं होतं ते वेगळंच होतं, आणि आज ती थांबली नाही.

“मला दिसत नव्हतं, अण्णा,” ती म्हणाली. “पण ऐकू येत होतं. तुम्ही माळावर बोलायचात ना, तेव्हा मी गोणपाटावर पडून ऐकायचे. मृगाच्या पोटातला बाण, त्यामागचा व्याध, सगळं मला जागच्या जागी माहीत होतं. तारे मला कधी नव्हतेच, ते गेल्याचं दुःख कसलं? तुम्ही बोलणं थांबवलंत, तेव्हा माझं आकाश गेलं.”

अण्णांनी मान वर केली नाही. चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला. खाली यास्मिननं कपबश्या वाजवल्या. मग हळूहळू, घसा खाकरत, अडखळत, ते बोलायला लागले. म्हणाले, आत्ता जो प्रकाश त्या कडेनं बाहेर येईल ना, तो रोहिणीहून निघाला तेव्हा मी या गावातल्या मराठी शाळेत पाटी घेऊन जात होतो. तुझी आजी तेव्हा तरुण होती. तो वाटेत असताना मी शिकलो, नोकरीला लागलो, तू झालीस. तो अख्ख्या वाटेवर कशाला म्हणून धडकला नाही. त्यांचा आवाज आता थकलेला होता, म्हाताऱ्याचा. पण मधेच थांबून ऐकणाऱ्याला वर पाहायला वेळ देण्याची लकब तीच होती. शर्वरीनं डोळे मिटून घेतले.

रोहिणी पुन्हा आली तेव्हा दोघांनी ती वेगवेगळ्या क्षणी पाहिली. प्रकाशित कडेपाशी तारा शोधणं अवघड असतं.

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. तीन वर्षांत शर्वरीची मधली नजरही गेली. नळी बारीक होत होत सुईच्या नेढ्याएवढी झाली आणि मग उजेड आणि अंधार एवढंच उरलं. चाचणी संपल्यावरही चष्मा तिच्याकडेच राहिला होता, आणि त्या तीन वर्षांत तिनं सूर्याला सगळ्या नक्षत्रांतून तीन वेळा फिरताना पाहिलं. एकही निरभ्र दुपार तिनं वाया घालवली नाही. दिनतारा आता हलका झाला होता, आणखी मंद तारे दाखवू लागला होता, आणि तालुक्याच्या शाळांतही पोचला होता. अण्णांनी आकाशदर्शन पुन्हा सुरू केलं होतं, फक्त आता ते दुपारी असायचं. बोलायचं काम दोघांत वाटलेलं असे.

वैशाखातल्या ज्या दिवशी दहिवडीवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पन्नाससाठ माणसं जमली होती. झेंड्याच्या खांबाची सावली आखडत त्याच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. शर्वरी मधोमध उभी होती. तिनं सांगितलं की सूर्य उत्तरेकडे निघाला आहे आणि जाताना आज आपल्या माथ्यावरून चालला आहे. परतीच्या वाटेवर पावसाळ्यात तो पुन्हा असाच डोक्यावरून जाईल, ढगांमागून, कुणाला पत्ता न लागता. मग ती म्हणाली की हात ताणून धरलेली मूठ म्हणजे आकाशातले साधारण दहा अंश, आणि सूर्याच्या पूर्वेला, एका मुठीवर, आज कृत्तिका असायला हव्यात.

तिनं मान मागे टाकली. चेहऱ्यावर ऊन कुठून येतंय त्याचा क्षणभर अदमास घेतला. मग उजवा हात वर करून मूठ सूर्याला लावली, पूर्वेकडच्या तिच्या कडेपाशी डाव्या हाताचं बोट नेलं आणि ते तिथं थोडं उत्तरेला झुकवून स्थिर धरलं.

चष्मा अण्णांच्या डोळ्यांवर होता. ते तिच्या मागे येऊन उभे राहिले, वाकले, तिच्या खांद्याशी गाल नेऊन तिच्या बोटाच्या रेषेत वर पाहू लागले.

“अण्णा, हलवू का थोडं?” तिनं विचारलं.

“नको,” अण्णा म्हणाले. “बोटाच्या टोकावर आहेत. मोजतोय मी.”